आठ फुटांचं गोल टेबल

आफ्राकोमाचा कारखाना आणि माझं दुकान यांच्यामध्ये एक गटार आहे, गटारावर एक फळी आहे, आणि त्या फळीवरून आम्ही चोवीस वर्षं भांडत आलोय. ती लाकडाचं काम करते, मी नळाचं. कुमासी शहराच्या लाकूडबाजारात नळवाला कशाला, असं लोक विचारतात. मला जागा मिळाली ती इथे मिळाली, एवढंच.

सगळा बाजार तिला मामे म्हणतो, म्हणजे आई. मीही म्हणतो, जरी ती माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी आहे. ती मला नुसतं डापा म्हणते, आणि तेसुद्धा ओरडून. ओरडण्याचं कुणाला काही वाटत नाही. आमच्या बाजारात सकाळी सातला रंधायंत्रं सुरू होतात ती संध्याकाळी सहाला थांबतात. इथे हळू बोलणारा माणूस एकतर नवा असतो नाहीतर काहीतरी लपवत असतो.

जानेवारी होता. उत्तरेकडून धूळ घेऊन येणारा हरमाटन सुटला होता, ओठ फुटत होते, आणि फळ्या उन्हात ठेवल्या की तासाभरात तडकत होत्या. अशा दिवसांत बिरागो आली. शहराबाहेरच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेची ती मोठी बाई. तिलाही ऐकू येत नाही. नऊ वर्षांची असताना तापात कान गेले, पण बोलणं राहिलं. समोरच्याच्या ओठांकडे बघून ती सगळं समजून घेते.

"मला गोल टेबल हवंय," ती म्हणाली. "सोळा मुलं बसतील असं."

"लांब टेबल कर की, बाई," आफ्राकोमा म्हणाली. "दोन्ही बाजूंना बाकडी. आठवड्यात देते."

"लांब टेबलाशी बसली की आमची मुलं मुकी होतात."

आफ्राकोमाने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"ती हातांनी बोलतात ना," बिरागो म्हणाली. "लांब टेबलावर समोरच्याचे हात दिसतात, शेजारच्याचे वाकून बघितले तर दिसतात. त्याच्या पलीकडे कुणी नाहीच. या टोकाला हसू फुटतं आणि त्या टोकाला कळतच नाही का ते. गोल टेबल असलं की सगळ्यांना सगळे दिसतात."

मी माझ्या दारात उभा राहून ऐकत होतो. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. बिरागोचं मला समजत होतं. आफ्राकोमा का बघतेय ते मी विचारलं नाही. मला वाटलं, मान देतेय.

"सोळा मुलं म्हणजे आठ फूट लागतील," आफ्राकोमा म्हणाली. "जेवणघराचं दार केवढं आहे?"

"तीन फूट रुंद. सात फूट उंच."

"मग हे टेबल दारातून आत जायचं नाही. त्याला आतच जन्माला घालावं लागेल."

बिरागो खूप हसली. ते काम आफ्राकोमाने त्याच क्षणी घेतलं हे मला कळलं, कारण तिने लगेच आपल्या कारागिराला हाक मारली. इसाका नाव त्याचं. चाळिशीचा, उत्तरेकडचा, पंधरा वर्षं तिच्याकडे आहे आणि दिवसाला पंधरा शब्दांच्या वर बोलत नाही. "इसाका! ओडुम लाकडाच्या सुक्या फळ्या बाजूला काढ. सुक्याच. ओली एक जरी आली ना, तुला तिच्यावरच झोपवीन."

अडचण होती ती शिकंज्यांची. फळीला फळी चिकटवायची तर गोंद सुकेपर्यंत त्यांना दोन्हीकडून दाबून धरावं लागतं. आफ्राकोमाकडचे लोखंडी पट्टीचे शिकंजे पाच फुटांच्या पुढे उघडत नव्हते, आणि एकेक इतका जड की उचलताना इसाकाही कण्हायचा. आठ फुटांचे तसेच शिकंजे घ्यायचे आणि शाळेपर्यंत न्यायचे म्हणजे वेगळा ट्रक.

"पाइपाचे क्लॅम्प घेते," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. "नुसते जबडे विकत मिळतात. पाइप आपला आपण घालायचा. हवा तेवढा लांब. डापा, चल माझ्याबरोबर."

"मी कशाला?"

"पाइप म्हटल्यावर तुझ्याशिवाय कुणाला नेऊ? पाद्रीबाबांना?"

हत्यारांच्या दुकानात तिने दोन तास काढले. मी नळाच्या तोट्यासुद्धा इतक्या वेळ निवडलेल्या नाहीत. एका क्लॅम्पचे दोन जबडे. एक पाइपाच्या टोकाला आट्यांवर घट्ट बसतो, त्याला स्क्रू आणि मूठ असते, दाबायचं काम त्याचं. दुसरा पाइपावर मागेपुढे सरकतो, आणि जिथे थांबवाल तिथे त्याच्या पोटातल्या पोलादी पट्ट्या तिरक्या होऊन पाइपाला चावतात. दुकानदाराने आधी अर्धा इंची पाइपाचे जबडे पुढे केले.

"हे हलके आहेत, मामे. बाईमाणसाला बरे."

आफ्राकोमाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो स्वतःच ते मागे ठेवू लागला. "अर्धा इंची पाइप आठ फुटांवर धनुष्यासारखा वाकेल," ती म्हणाली. "मला टेबल करायचंय, शिकारीला नाही जायचं. पाऊण इंची काढ."

मग प्रत्येक जबडा तिने हातात घेऊन पाहिला. स्क्रू शेवटपर्यंत फिरवला, परत आणला. पोलादी पट्ट्यांच्या कडांवरून अंगठा फिरवला. कडा गोल झालेल्या दिसल्या की तो जबडा बाजूला. स्प्रिंग ढिली असली की बाजूला. दाबाचं तोंड तिरकं असलं की बाजूला. एकवीस जोड्यांतून तिने आठ घेतल्या. दुकानदार घामाघूम झाला होता.

"दर फुटाला एक," येताना ती मला म्हणाली. "चार वरून, चार खालून, एक सोडून एक. सगळे वरून लावले तर फळ्या कमानीसारख्या वर उठतात. आता पाइप तू दे. तुझ्याकडे तेवढं तरी असेल ना?"

तेवढं तरी! मी चाळीस वर्षं पाइपांत घालवलीत. मी तिला माझा सगळ्यात चांगला माल काढून दिला, जस्ताचा मुलामा दिलेला, चांदीसारखा चकचकीत. गंजायचं नाव नको. एकेका क्लॅम्पला पाच फुटांचा आणि चार फुटांचा असे दोन तुकडे, मध्ये कपलिंग, म्हणजे एकूण नऊ फूट. पुढे लहान काम आलं की कपलिंग सोडायचं आणि छोटा क्लॅम्प वापरायचा. शाळेत न्यायलाही सोपं. फक्त सरकणारा जबडा कपलिंगच्या गाठीवरून पलीकडे जात नाही, म्हणून कुठला तुकडा कुठे येणार ते आधी ठरवावं लागतं. हे मला सुचलं, तिला नाही, आणि ते मी तिला दिवसभरात चारदा सांगितलं.

तिने एक क्लॅम्प फळ्यांवर चढवला आणि मूठ आवळली. टक्. सरकता जबडा इंचभर मागे घसरला. परत लावला. परत टक्.

"काय दिलंयस हे, डापा? साबण?"

"उत्तम पाइप आहे तो! पाणी घाल, पन्नास वर्षं गळणार नाही."

"मला पाणी घालायचं नाहीये. पट्ट्यांना चावायला खरखरीत अंग लागतं. तुझ्या जस्तावर त्या लोण्यावर चालल्यासारख्या चालतायत. काळा पाइप आण."

"काळा पाइप गंजतो."

"गंजू दे. मला तो प्यायचा नाहीये."

अख्ख्या गल्लीने ते ऐकलं, कारण गल्लीतली रंधायंत्रं नेमकी जेवणासाठी थांबली होती. मला आतून फार लागलं. चार दिवसांनी एका बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात वाफेची जुनी लाइन उखडत होते, तिथून काळा पाइप मिळाला. कापला, आटे पाडले, कापलेल्या कडांची खरखर कानशीने घासून काढली. सोळा तुकडे हवे होते. पंधराच निघाले.

इथे मी जे केलं ते सांगायला आजही बरं वाटत नाही. शनिवारी शाळेत जायचं ठरलेलं. एका चार फुटी तुकड्यासाठी पुन्हा शहरभर हिंडायचा मला कंटाळा आला होता, आणि एवढं काय त्या जस्तात वाईट आहे ही अढीही मनात होतीच. मी जस्ताचा एक तुकडा घेतला आणि माझ्या रविवारच्या बुटांचं काळं पॉलिश त्याला चोळलं. पंधरा काळ्यांत सोळावा मिसळून गेला. पाइप पेट्रोलने पुसून ठेवायचं काम मीच मागून घेतलं, म्हणजे हा एक न पुसता ठेवता येईल. आफ्राकोमा म्हणाली, "शहाणा झालास रे," आणि मला भाजलेलं केळं आणि शेंगदाणे दिले. ते मी इसाकाला देऊन टाकलं.

फळ्या तिने कारखान्यातच तीन-तीन करून चिकटवल्या, कपलिंग सोडलेल्या छोट्या क्लॅम्पांनी, पाच फुटी तुकडे वापरून. दोन-दोन फुटांचे चार पट्टे तयार झाले. ओल्या गोंदाला लोखंड लागलं की ओडुमवर काळा डाग पडतो, म्हणून पाण्याच्या रिकाम्या पिशव्या कापून तिने प्रत्येक पाइपाखाली प्लास्टिकचा तुकडा घातला. आवळतानाही हात राखून. "पार पिळून काढलास तर गोंद सगळा बाहेर येतो आणि सांध्यात काही उरत नाही," ती इसाकाला म्हणायची. "थेंब थेंब ओळीने दिसले की थांबायचं."

शनिवारी सकाळी आम्ही शाळेत पोचलो. चार पट्टे दारातून आरामात आत गेले. आफ्राकोमाने लाकडी घोड्यांवर ते मांडले, आठही क्लॅम्प कोरडेच लावून बघितले, हलकेच आवळले. सांधे मिळाले. तिने प्रत्येक क्लॅम्पची जागा खडूने आखली, जबडे जवळपास हव्या त्या रुंदीला आणून ठेवले, म्हणजे गोंद लावल्यावर शोधाशोध नको. मी त्या पॉलिशवाल्या पाइपाकडे बघायचं टाळत होतो. तो चौथा होता, अगदी मधोमध.

बिरागो म्हणाली, "मी कुठे उभी राहू?"

"हात ठेव आणि बघ," आफ्राकोमा म्हणाली. "तुझंच टेबल आहे."

बिरागोने दोन्ही तळवे लाकडावर पालथे ठेवले.

हरमाटनमध्ये गोंदाला फार वेळ मिळत नाही. दहा मिनिटं, फार तर बारा. इसाकाने आणि मी तिन्ही सांध्यांना गोंद फासला, पट्टे एकमेकांना भिडवले, आणि आफ्राकोमा एकेक मूठ आवळत गेली. पहिला. दुसरा. तिसरा. सांध्यांतून गोंदाचे मणी एका ओळीत वर येऊ लागले. चौथ्याची मूठ तिने फिरवली.

टक्.

इसाकाने मान वर केली. सरकता जबडा आठ फूट पलीकडे होता, आफ्राकोमा या टोकाला मूठ फिरवत राहिली. टक्. परत टक्. एवढा स्पष्ट आवाज, रिकाम्या जेवणघरात, कुठलंही यंत्र चालू नसताना, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नाही. ती पाचव्याकडे निघाली.

"थांब," बिरागो म्हणाली. "टेबल दचकतंय. इथे." तिने चौथ्या क्लॅम्पवर बोट ठेवलं. "तीनदा दचकलं."

आफ्राकोमाने पाहिलं. मधल्या सांध्याला कागद जाईल एवढी फट होती, आणि तिथे एकही मणी नव्हता. तिने सरकत्या जबड्यावर हात ठेवला, मग पाइपावर, मग बोटं डोळ्यांसमोर धरली. काळी झाली होती. तिने ती नाकाशी नेली.

"पॉलिश?"

"माझ्या बुटांचं," मी म्हणालो. "मामे, खाली जस्त आहे. एक तुकडा कमी पडला होता."

बोलायला वेळच नव्हता. सात मिनिटं गेली असतील. आणि खरं सांगतो, त्या सात मिनिटांत मला जे सुचलं नव्हतं ते तिचा चेहरा बघून सुचलं. पाइपाच्या बाहेरच्या टोकालाही मी सवयीने आटे पाडले होते. माझ्या पिशवीत नळ बंद करायच्या लोखंडी टोप्या होत्या. मी एक काढली, टोकावर चढवली, पान्याने घट्ट केली. टोपीवरून जबडा जाऊच शकत नाही.

"इसाका, जबडा मागे घे! टोपीला टेकव. मधल्या जागेत ठोकळा घाल!"

इसाकाने ठोकळा शोधला, आखूड निघाला, दुसरा घातला. "आवळ," मी म्हणालो. आफ्राकोमा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी परत म्हणालो, "आवळ, मामे!" तिने मूठ फिरवली. मुठीला जोर आला. बिरागो तळव्यांवर वाकून उभी होती.

"शांत आहे," ती म्हणाली. "अजून शांत आहे. आता जवळ आलं."

मधल्या सांध्यात एक मणी उमटला, मग दुसरा, मग ओळ लागली. आफ्राकोमाने उरलेले चार क्लॅम्प आवळले, वरचे आणि खालचे, आणि ओल्या फडक्याने गोंद पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "रविवारी कुठले बूट घालणारेस, डापा?"

"मामे, मला माफ कर."

"करते. पण पाद्रीबाबांसमोर तुला धुळकट बुटांनी बसलेला बघायचाय मला." आणि ती हसायला लागली. इसाका हसला. त्याचे दात मी पंधरा वर्षांत तिसऱ्यांदा पाहिले.

बिरागो मात्र हसत नव्हती. ती आफ्राकोमाच्या समोर जाऊन उभी राहिली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सरळ विचारलं, "तुला किती दिवसांपासून ऐकू येत नाही?"

आफ्राकोमा फडकं पिळत राहिली. "डावा कान थोडा चालतो," ती शेवटी म्हणाली. "उजवा दोन वर्षांपूर्वी गेला. रंध्याने नेला. कुणाला सांगायचं? बहिरी सुतारीण म्हटलं की लोक म्हणणार, हिची बोटं करवतीत जाणार आता. काम कोण देईल?"

"मी दिलं," बिरागो म्हणाली. "पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. ओठ असे फक्त आम्हीच बघतो."

चोवीस वर्षं मी तिच्याशी भांडत आलो, आणि गेली दोन वर्षं तिला माझं निम्मं भांडण ऐकूच येत नव्हतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तोंड मिटून ठेव, डापा. माशी जाईल. आणि असे उघडे ओठ मला वाचताही येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर दुपारी आम्ही क्लॅम्प सोडले. सांधे एकजीव झाले होते, मधलासुद्धा. आफ्राकोमाने मधोमध खिळा ठोकून दोरीने गोल आखला, इसाकाने करवतीने कापला, आणि त्या आठवड्यात पाय बसवून, घासून, तेल लावून टेबल उभं राहिलं. सोळा मुलं भोवती बसली तेव्हा सूप वाढलेलं होतं. कुणी हात घातला नाही. आधी सगळे हात हवेत. मला काही कळत नव्हतं, पण कुणीतरी काहीतरी म्हणत होतं आणि अख्खं टेबल एकदम हसत होतं. बिरागोला टेबलावर चमचा आपटून कंप करावा लागला, तेव्हा कुठे मुलं जेवायला लागली.

आफ्राकोमा आता दर गुरुवारी शाळेत हातांची भाषा शिकायला जाते. पहिल्या गुरुवारी मीही गेलो, सोबत म्हणून. बिरागो म्हणाली, सोबत आलेल्यांनाही शिकावं लागतं. माझी बोटं पान्याची, वळत नाहीत. मुलं माझ्यावर फार हसतात. इसाका न बोलता आमच्यापेक्षा लवकर शिकला, आणि आता तो दिवसाला पंधरापेक्षा कितीतरी जास्त शब्द बोलतो, सगळे हातांनी.

बाजाराला कळलं, पण काम कमी झालं नाही. उलट शाळेने दुसरं टेबल सांगितलंय, लहान वर्गासाठी, सहा फुटांचं. सोळावा काळा तुकडा मी शोधून आणून दिला.

आणि बाजारात एक गंमत झालीय. सगळे गळे ताणून ओरडत असतात, आणि आम्ही गटाराच्या दोन बाजूंना उभे राहून आरामात बोलतो. काल दुपारी सगळी रंधायंत्रं चालू होती. ती एका लाकडावर वाकली होती, मी हात हलवले तेव्हा तिने मान वर केली. मी हातांनीच विचारलं, मक्याचं केंके खाणार का, मासा आहे, शितोची चटणी तिखट आहे. तिने हातातली कानस ठेवली, आणि दोन्ही हातांनी सांगितलं, दोन आण, आणि मासा मोठा बघून घे, गेल्या वेळचा तू मांजराच्या तोंडून काढून आणला होतास.